फेसाखालचं सोनं

[दृश्य: बिअरची पितळी तोटी, तिच्याखाली काचेचा जाड मग. फक्त ओतण्याचा आवाज.]

आपल्याकडे ग्लासात फेस जास्त आला, की वाटतं, बिअर कमी भरली. वेटरलाही ते ठाऊक असतं. म्हणून तो ग्लास तिरका धरतो आणि कडेकडेने हळूच ओततो.

आता हे हात बघा. चेक प्रजासत्ताकातलं पिल्झन शहर, पिल्स्नर उर्केल ह्या बिअरचं गाव. तोटीवरचा माणूस आधी मग थंड पाण्यात विसळून घेतो. विसळलेला मग तिरका धरतो, तोटीचं टोक आतून काचेला टेकवतो आणि आधी सोडतो तो फेस. ओला, दाट, सायीसारखा. त्या फेसाच्या पोटात नंतर बिअर उतरते. मग भरतो तेव्हा वर चांगला तीन बोटं फेस असतो आणि गिऱ्हाइकाला तो तसाच हवा असतो. त्या थरामुळे बिअरला हवा लागत नाही. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं उरतं.

इथे 'म्लीको' मागितलं, तर जवळजवळ अख्खा मग फेसाचाच मिळतो. म्लीको म्हणजे दूध. चव गोडसर. फेस बसायच्या आत ते संपवायचं असतं.

चेक लोकांत एक म्हण आहे: बिअर शिजवणारा शिजवतो, पण ती बनवतो तोटीवरचा माणूस. पिल्स्नर उर्केल ह्या बिअरची ओढ समजून घ्यायची, तर सुरुवात ह्या हातांपासूनच करावी लागते.

[दृश्य: पिल्झनचा मुख्य चौक, नगरभवन.]

ह्याच चौकात 1838 साली लोकांनी चिडून 36 पिंपं बिअर रस्त्यावर ओतून दिली होती. बिअर आंबट, नासलेली. शहर 1295 साली वसलं तेव्हापासून इथल्या नागरिकांना बिअर बनवण्याचा हक्क होता. घरोघर बनणाऱ्या त्या बिअरची ही गत झाल्यावर सगळ्यांनी मिळून एकच मोठी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, काढायचं ठरवलं. कुणा राजाची नाही, कुणा सरदाराची नाही. गावकीची.

शेजारच्या, आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा 29 वर्षांचा कारागीर बोलावला. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्याने पहिला घाणा शिजवला. पाच आठवड्यांनी, 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या जत्रेत ती बिअर लोकांपुढे आली. तोवर इथली बिअर गडद आणि गढूळ असायची. ही सोनेरी होती. आरपार दिसत होती.

हे घडलं ते चार गोष्टी एका ठिकाणी आल्या म्हणून. पिल्झनचं पाणी विलक्षण मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच. जाळाची धग थेट लागू न देता वाळवलेला फिकट माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य. ही युक्ती इंग्लंडमधली. बव्हेरियातलं यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारं किण्व, जे थंडीत, भांड्याच्या तळाशी बसून संथपणे काम करतं. आणि चेक प्रजासत्ताकातल्याच झाटेत्सचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीवरची फुलं. कडू खरे, पण त्या कडूपणाला रानफुलांचा वास. हॉप्सच्या ह्या मुलखाला युनेस्कोने 2023 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

[दृश्य: तांब्याच्या मोठ्या कढया, खाली जाळ.]

ही तांब्याची भांडी नीट बघून घ्या. माल्ट आणि पाणी कालवून जो लगदा होतो, त्यातला काही भाग काढून वेगळा उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा. एकदा नाही, तीनदा. वेळ जातो, इंधन जातं. बहुतेक कारखान्यांनी हे केव्हाच सोडून दिलं. पण गुऱ्हाळात रस आटताना बघितलेल्या माणसाला इथे फार समजावून सांगावं लागत नाही. कढईत जे खमंग होतं, ते दुसऱ्या कशाने होत नाही. ह्या बिअरचा रंग इतर लागरपेक्षा, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअरपेक्षा, थोडा गहिरा आणि चव भरलेली लागते, त्यात ह्या तीन उकळ्यांचा मोठा वाटा आहे.

पुढे जगभर ह्या बिअरच्या नकला झाल्या. 'पिल्सनर' हे गावाचं नाव प्रकाराचं नाव होऊन बसलं. शेवटी ब्रुअरीने 1898 मध्ये स्वतःच्या बिअरसाठी नाव नोंदवलं: जर्मनमध्ये उर्केल, चेकमध्ये प्राझद्रॉय. दोन्हींचा अर्थ मूळ झरा.

ह्याच शहरातून आणखी एक खूण जगभर गेली आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला श्कोडा गाड्यांचा कारखाना आहे. गाडीच्या नाकावरचा तो पंखांचा बाण मूळचा पिल्झनच्या श्कोडा कारखान्याचा.

[दृश्य: दुकानातल्या फळीवर हिरवी बाटली, तिच्यावर ट्यूबलाइटचा उजेड.]

परदेशी बाटली म्हणून आपण कौतुकाने हिरवी काच उचलतो. पण हॉप्सना उजेडाचं वावडं असतं. ऊन किंवा ट्यूबलाइट लागली, की बिअरला एक उग्र, कुबट वास येऊ लागतो आणि हिरवी काच तो उजेड फारसा अडवत नाही. तपकिरी काच बरीच अडवते. त्यामुळे दूरच्या दुकानात ही बिअर कुणाला आवडली नाही, तर मी त्या माणसाशी वाद घालणार नाही. त्याच्यापर्यंत ती धड पोचलेलीच नसते.

[दृश्य: तळघराचा जिना. पावलांचे आवाज.]

ब्रुअरीखाली वालुकाश्मात खोदलेली सुमारे 9 किलोमीटरची भुयारं आहेत. भिंती ओल्या, हवा गार. पूर्वी इथे बर्फ भरून ठेवत. लागर ह्या शब्दाचं मूळच साठवणीत आहे. बिअर आठवडेच्या आठवडे थंडीत निवांत पडून राहायची, ती इथे.

1990 च्या दशकात उत्पादन पोलादी टाक्यांत गेलं. तरीही थोडी बिअर आजही ओकच्या पिंपांतच मुरते. पिंपं बांधणारे, आतून राळ लावणारे कारागीर ब्रुअरीने पदरी ठेवले आहेत. ही पिंपं काही देखाव्यापुरती नाहीत. पोलादातली बिअर आणि लाकडातली बिअर शेजारी शेजारी ठेवून चाखतात, चव ढळली नाही ना, ते बघतात.

[दृश्य: पिंपाची लाकडी तोटी उघडते. न गाळलेली, किंचित धुरकट बिअर मगात उतरते. फेस वर चढतो. आवाज तेवढाच राहू द्यावा.]