पत्र्यावरचा पाऊस

[दृश्य: रोह्याजवळचा रस्ता. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भातखाचरं.]

जूनचा शेवटचा आठवडा. कुंडलिका दोन्ही काठ भरून रेवदंड्याकडे, समुद्राकडे चाललीय. मी उलटी, डोंगराकडे. शिकता शिकता मिळालेलं माझं हे पहिलं पगारी काम आहे: कातकरी या आदिवासी समाजाच्या बोलीतले शब्द नोंदवायचे. पिशवीत रेकॉर्डर, छोटा माईक आणि मॉरिस स्वॉडेश या अमेरिकी भाषातज्ज्ञाची 207 मूलभूत शब्दांची यादी.

हे काम पावसातच करावं लागतं. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. माणसं भेटतात ती आत्ताच. आणि आत्ताच पत्रा असा वाजतो...

[आवाज: पत्र्यावरचा पाऊस. दहा सेकंद, निवेदन नाही.]

पहिल्या दिवशी मी एवढंच घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एक आजी म्हणाल्या, "बाय, इकडं ये," आणि मला पेंढ्याने शाकारलेल्या जुन्या खोपटात घेऊन गेल्या. पेंढा पाऊस पिऊन टाकतो. आवाज लख्ख आला.

यादी काढली. "आजी, पावसाला काय म्हणता?"
"पाऊसच."

बाजारात, शाळेत, मुकादमापुढे आयुष्यभर मराठी बोललेल्या बाईला मी मराठीत विचारलं, तर तिने मराठीतच उत्तर दिलं. चूक माझ्या विचारण्यात होती. तेवढ्यात नातू ओढ्यावरून खेकडे घेऊन चिखलाच्या पायांनी आत आला.

[आवाज: आजी नातवावर ओरडतात, कातकरीत. मग दोघंही हसतात.]

माईक चालू होता. त्या अर्ध्या मिनिटात जे मिळालं, ते सकाळभर यादीने दिलं नव्हतं. तेव्हापासून मी आधी शेवळं ही रानभाजी निवडायला बसते, तिच्यात घालायची काकडाची फळं फोडते, आणि शब्द कानावर आला की तो तीनदा म्हणायची विनंती करते. एका माणसाचे एका दिवशी जेमतेम वीस-पंचवीस होतात. आजींचा रोज बुडतो, म्हणून त्यांचंही मानधन ठरलेलं आहे. ते मला माझ्या पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शब्द पडद्यावर लिहून दाखवत नाही, ऐकवते. देवनागरीत 'जग' लिहिलं तर ती दुनिया, की 'जग बाबा, सुखाने जग' मधला जग? उच्चार वेगळे, अक्षरं तीच. वहीत म्हणून प्रत्येक शब्दाशेजारी ध्वनिलिपी असते.

ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1905 सालच्या मराठीच्या खंडात कातकरीची नोंद आहे. त्या सर्वेक्षणात नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत उतरवून घेत. त्या गोष्टीत खैराचं झाड नाही. कातकरी हे नावच कातावरून आलं: खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळायचे, रस आटवायचा, वड्या पाडायच्या. 1878च्या कायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि तो धंदा हातचा गेला. रस आटत येतो त्या वेळचा एक शब्द आजींना त्यांच्या आजीच्या तोंडचा आठवतो.

[दृश्य: आजी, कानाला हेडफोन.]

मी त्यांचाच आवाज त्यांना ऐकवते. त्या मान हलवतात.
"असा नाय. आजी सावकाश म्हणायची. परत घे."

[आवाज: तो शब्द, तीनदा. बाहेर पाऊस.]