कोकण रेल्वेची डिझेल इंजिनं एचओ स्केलमध्ये: आधी वर्ष ठरवा

नमस्कार मंडळी. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या 1/87 आकारात, मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडायला घेतलेले बरेच जण विचारतात, "पहिलं डिझेल इंजिन कुठलं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. इंजिनाचं नंतर बघू, आधी वर्ष ठरवा.

आज उदाहरणाला कोकण रेल्वे घेऊ. पूर्ण मार्ग 1998 मध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालं. मधला सगळा काळ डिझेलचा. पण त्या काळातही इंजिनं बदलत गेली. समजा तुम्ही 2008 धरलंत. मग हवीत कल्याण किंवा एर्नाकुलम शेडची (इंजिनांच्या देखभालीच्या आगाराची) अल्को इंजिनं, म्हणजे अल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेची, मागे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे निळे आयसीएफ डबे आणि डब्यांच्या पाट्यांवर चार आकडी गाडी क्रमांक, कारण पाच आकडी क्रमांक डिसेंबर 2010 मध्ये आले. अशा रेकला, म्हणजे डब्यांच्या संचाला, दोन्ही टोकांना चालकाची कॅब असलेली नव्या जातीची डब्ल्यूडीपी-4डी लावली की सगळा मेळ बिघडतो. ती तेव्हा बनलीच नव्हती. तेच तुम्ही 2018 धरलंत, तर खुशाल लावा.

वर्ष ठरलं की खरेदीचं अर्धं काम झालं. दिसेल ते इंजिन घेत गेलात तर कपाट भरतं, पण लेआउटवर एकही गाडी खरी वाटत नाही. तीन इंजिनं एकाच काळातली, एकाच मार्गावरची असली, तरी पुरे.

[पडद्यावर: डब्ल्यूडीएम-3ए आणि डब्ल्यूडीएम-3डीच्या बोगी (इंजिनाखालचे चाकांचे गाडे) शेजारीशेजारी]

आता ओळख. आपल्याकडे दोन मोठी घराणी. पहिलं अल्कोचं: 1962 मध्ये अमेरिकेतून डब्ल्यूडीएम-2 आलं, 2600 अश्वशक्तीचं, आणि मग वाराणसीला त्याचं उत्पादन सुरू झालं. त्याचीच पुढची भावंडं 3ए आणि 3डी. दुसरं घराणं ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं: 1999 मध्ये आलेलं डब्ल्यूडीजी-4, 4000 अश्वशक्तीचं, आणि त्याच्यापासून निघालेली डब्ल्यूडीपी-4 मालिका. फोटोत दोन अल्को सारखीच वाटली तर खाली बघा. 3एच्या तीन आसांच्या बोगीत मधला आस बरोबर मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. 3डीची बोगी वेगळी, हाय ॲडहेजन, म्हणजे रुळांवर जास्त पकड देणाऱ्या प्रकारची. मॉडेल घेताना हे तपासाच. बॉडीवर रंग बदलता येतो, बोगी बदलणं महागात पडतं.

भारतीय डिझेलचं तयार मॉडेल हवं तेव्हा मिळेल असं नसतं. म्हणून बरेच हौशी लोक थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी घेतात आणि ती अमेरिकन मॉडेलच्या चासीवर, म्हणजे मोटर आणि चाकं असलेल्या सांगाड्यावर बसवतात. डब्ल्यूडीजी-4 ची लांबी सुमारे 21 मीटर. 1:87 ने भागली की 24 सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि अमेरिकेचं एसडी40-2 साधारण तेवढंच लांब आहे. पण नुसती लांबी जुळून चालत नाही. दोन बोगींच्या केंद्रांमधलं अंतर मोजा, ड्रॉइंगशी ताडून बघा, मगच पैसे द्या. बोगीच्या बाजूच्या चौकटी वेगळ्या प्रिंट करून चिकटवता येतात. अल्कोसाठी मधला आस सरकलेली बोगी हवी, आणि जुन्या आरएसडी जातीच्या मॉडेल्सना ती असते.

इथे रुळांचा प्रश्न येतो. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, म्हणजे 1:87 मध्ये 19.3 मिलिमीटर. एचओचे रूळ मात्र 16.5 चे. जवळपास पावणेतीन मिलिमीटरची तूट. माझं स्पष्ट मत आहे की ही तूट स्वीकारावी, कारण स्वतःचे रूळ आणि पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) बनवण्यात हौस संपून जाते. बोगीच्या चौकटी मात्र खऱ्या रुंदीच्या हिशोबाने बाहेर घ्या, चाकं गडद रंगवा, नजर फसते. बफर, म्हणजे इंजिनाच्या टोकांवरचे धक्के झेलणारे गोल दांडे, विसरू नका. अमेरिकन इंजिनाला ते नसतात. आपल्याकडे दोन बफरच्या केंद्रांत 1956 मिलिमीटर असतात, मॉडेलवर साडेबावीस. युरोपियन मॉडेलचे बफर सुटे मिळतात, ते चालतात.

रंगकामाबद्दल थोडं सविस्तर. बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, मग प्रायमर, मग एअरब्रशने पातळ थर. फिका रंग आधी, गडद नंतर. शेडचं नाव आणि नंबर यांचे डीकल (पाण्याने सरकवून चिकटवायची छापील चित्रं) लावण्याआधी चकचकीत वॉर्निशचा थर हवाच. खडबडीत पृष्ठभागावर डीकलखाली हवा अडकते आणि कडा पांढऱ्या दिसतात. डीकल वाळले की मॅट वॉर्निश. आणि नंबर मनाने टाकू नका. एक खरं इंजिन निवडा, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मिळवा. जाळ्या, हॉर्न, कॅबच्या छतावरचा एसी, सगळं इंजिनागणिक बदलतं.

मग कळकटपणा. कोकणातलं इंजिन म्हणजे खाली जांभ्याची लाल धूळ, वर पावसाच्या उभ्या रेघा, अल्को असेल तर धुराड्याभोवती काजळी. खडूची पूड कोरड्या ब्रशने लावा, बोगीवर जास्त, कॅबवर अगदी कमी. चालक काच पुसतो, म्हणून वायपरचा पट्टा स्वच्छ ठेवा.

[पडद्यावर: डिकोडर जोडतानाचं जवळून चित्रण]

डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनात डिकोडर बसवून त्याला रुळांतून वेगळे आदेश देणारी डिजिटल पद्धत, घेणार असाल तर ध्वनी निवडताना घराणं सांभाळा. अल्कोचं 251 इंजिन फोर-स्ट्रोक, त्याचा ठोका सुटासुटा ऐकू येतो. ईएमडीचं 710 टू-स्ट्रोक, एकसलग घुमतं. अमेरिकन अल्कोची ध्वनिफाइल आपल्या अल्कोला जवळची पडते, फक्त हॉर्न बदला. एक फंक्शन पिवळ्या फ्लॅशर लाइटसाठी राखा. डिकोडरचा पत्ता म्हणून इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे द्या, लक्षात राहतात.

दोन अल्को जोडून चालवायच्या असतील तर दोघींचा वेग जुळायला हवा. एकाच वर्तुळावर थोडं अंतर ठेवून सोडा. मग डिकोडरच्या सेटिंग, म्हणजे सीव्ही, बदला: सीव्ही 2 ने सुरुवात, सीव्ही 6 ने मधला वेग, सीव्ही 5 ने कमाल वेग. जलद धावणारीला खाली आणा, संथ असलेलीला वर ढकलू नका. अंतर तीनही वेगांत तेवढंच राहिलं की कन्सिस्ट करा, म्हणजे दोन्ही एकाच आदेशावर चालतील अशा जोडा. पुढच्या भागात याच जोडीला पूर्ण निळा रेक लावून चढावर किती डबे ओढले जातात ते मोजू.