मयताला गेलो आणि मेलेला उठून बसला

(कोजागिरी मेळावा, ऑक्टोबर 2024. भाषण थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. दूध आटेपर्यंत पाच मिनिटं बोल, असं सांगून मला इथे उभं केलंय. बेसबॉल म्हटल्याबरोबर मागची रांग उठून पातेल्याकडे गेली, ते दिसलं मला.

शिकागोत नवा पाहुणा आला की आपण त्याला रिगली फील्डच्या मैदानावर नेतो, कब्स हा बेसबॉलचा संघ दाखवायला. मी मात्र शहरातल्या दुसऱ्या संघाचा, व्हाइट सॉक्सवाला. आल्या आल्या खोली दक्षिणेला मिळाली, रेड लाइनने 35व्या रस्त्यावर उतरलं की समोर मैदान, आणि तिकीट खिशाला परवडणारं. एवढ्यावर जमलं. 2005 मध्ये सॉक्सनी ह्यूस्टनला ओळीने चार सामने हरवून 88 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं विजेतेपद जिंकलं, त्या पुण्याईवर मी अजून जगतोय.

आणि यंदा? एकदा तर सलग 21 सामने हरले. सप्टेंबर संपत आला तेव्हा 120 पराभव झाले होते. आधुनिक बेसबॉलमधला 1962च्या न्यूयॉर्क मेट्सचा, एका हंगामातल्या सर्वाधिक पराभवांचा नकोसा विक्रम गाठला होता, आता एक हरले की तो एकट्या आमचा.

24 सप्टेंबरच्या मंगळवारी एंजल्स संघाशी घरच्या मैदानावर सामना होता. मी मुलीला घेऊन गेलो. कशाला, ते खरं सांगतो: 121वा पराभव बघायला. निदान इतिहासाला हजर होतो असं म्हणता येईल! स्टँडमधले कितीतरी जण त्याच हिशोबाने आले होते. मालकाच्या नावाने ‘संघ विका, संघ विका’ असा गजर चालला होता, अगदी आरतीच्या तालात.

नऊपैकी सात इनिंग झाल्या, आम्ही 0-2 ने मागे. सगळ्या हंगामात या अवस्थेतून आम्ही एकही सामना काढला नव्हता. मी जॅकेटची चेन लावली. आणि आठव्या इनिंगमध्ये काय संचारलं कोण जाणे, एक, दोन, आणि मग आमच्या बेनिनटेंडीच्या सिंगलवर, म्हणजे पहिला बेस गाठून देणाऱ्या फटक्यावर, तिसरी धाव. 3-2!

मी खुर्चीवरून उठून ओरडत होतो. शेजारी सॉक्सचीच टोपी घातलेला एक गृहस्थ कपाळाला हात लावून बसला होता. त्याचा ‘इतिहास’ हुकला होता ना! मुलगी म्हणाली, “बाबा, आपण हरायला आलो होतो ना?” काय उत्तर देणार? नवव्या इनिंगमधला प्रत्येक चेंडू मी मुठी आवळून बघितला. ज्याचा पराभव बघायला पैसे मोजले, त्याच्यासाठीच गणपतीला साकडं घातलं.

जिंकले. फटाके उडाले. दुसऱ्या दिवशी बरोबरीमुळे जादा इनिंग, दहाव्या इनिंगमध्ये 4-3, पुन्हा बेनिनटेंडीच. तिसऱ्या दिवशी 7-0. मला वाटायला लागलं, टळतंय की काय!

नाही टळलं. शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये 1-4 ने हरले. त्याच विजयावर डेट्रॉइटचे टायगर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या पुढच्या फेरीत गेले, म्हणजे आमच्या तेराव्याला त्यांचं बारसं. मी स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर बघत होतो. बायकोने काही न विचारता चहा पुढे केला. शनिवार-रविवार दोन्ही सामने मात्र जिंकले. शेवटचा हिशोब 41 विजय, 121 पराभव. ते 41 लक्षात ठेवणारा या हॉलमध्ये मी एकटाच असेन.

असो, दुधाचा वास यायला लागलाय. पुढचा हंगाम मार्चअखेर सुरू होतोय, घरच्याच मैदानावर, पुन्हा एंजल्सशीच. मार्चातली थंडी तुम्हाला माहीत आहेच. माझ्या गाडीत दोन जागा आहेत. थर्मल घालून या.