पत्र्याची पेटी आणि सतरा नंबर

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख 'इतिहास संशोधक' अशी करून दिली, तेवढं त्यांनी मागे घ्यावं. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. त्यातली अकरा वर्षं एकशिक्षकी शाळेवर काढली. म्हणजे एक खोली, एक मास्तर आणि चार इयत्ता. ३१ मे रोजी निवृत्त झालो, आणि त्याच दिवशी जिल्ह्यातले आणखी ढीगभर गुरुजी निवृत्त झाले. हसलात, म्हणजे तुमच्याही घरात एक जूनवाले आहेत. त्याच्याकडे येतोच.

निवृत्तीनंतर मनात आलं की आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अशा जुन्या एकखोली शाळा शोधाव्यात. कधी निघाल्या, कुणी चालवल्या, कुठं गेल्या. पहिली दोन वर्षं मी चुकीच्या मागानं फिरलो. मी इमारती शोधत होतो. गावात जायचं, 'जुनी शाळा कुठं भरायची?' असं विचारायचं. एक म्हातारा सांगे चावडीत, दुसरा सांगे मारुतीच्या देवळात, तिसरा दोघांना वेड्यात काढून धर्मशाळेकडे बोट दाखवी. मला वाटायचं, यांच्या आठवणी गोंधळल्यात. गोंधळ माझा होता. तिघंही खरं सांगत होते, प्रत्येकाच्या लहानपणी शाळा वेगळ्या जागी भरत होती. एका शाळेच्या मी पाच जागा मोजल्या. त्यात पाटलाच्या वाड्याची पडवी आहे, आणि प्लेगच्या साली गाव माळावर गेलं तेव्हाची झोपडीही आहे.

या पाची जागांवर शाळेबरोबर एकच गोष्ट फिरली, ती म्हणजे पत्र्याची पेटी. जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नंबरवार नोंदवही, हजेरीपट, शेरेबुक, शिक्का आणि शाईची दौत एवढं त्यात मावायचं. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा तेवढा बाहेर. मास्तरांची बदली झाली की नव्या मास्तरांना 'चार्ज' मिळायचा तो या पेटीचा. तेव्हापासून मी गावात गेलो की इमारतीचं नाव काढत नाही. पेटी कुठंय, एवढंच विचारतो.

आता थोडं कागदोपत्रांचं, कारण त्यावाचून फसगत होते. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केलं. त्याआधी गावात पंतोजी होते. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, पावकी-निमकी-दिडकी घोकायची, पोरांच्या घरून शिधा यायचा. तशा खाजगी शाळांबद्दलचे १८२० ते १८३० मधले सरकारी कागद रा. वि. परुळेकरांनी पुढे जमवून छापले, ते मुंबई इलाख्याचे. पण सरकारी शाळेचा माग आपल्याकडे १८४८ च्या मागे न्यायचा नाही. १८५५ साली शिक्षण खातं आलं. पुढच्या दशकात सारा भरणाऱ्याकडून रुपयामागे एक आणा लोकल फंड घ्यायला सुरुवात झाली आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे वळला. एखाद्या गावाच्या कमानीवर 'स्थापना' म्हणून १८६५-७० च्या आसपासचं साल रंगवलेलं दिसलं, की मी आधी हा एक आणा आठवतो. कुणब्यानं भरलेला आणा आहे तो. त्याच्या पोराला त्यातून शाळा मिळाली का, हा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न १८८२ साली हंटर कमिशनपुढे, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, कुणी मांडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच जिल्ह्यातलं. त्यांचं ते निवेदन मी शिक्षक म्हणून वाचतो तेव्हा एका ठिकाणी हटकून थांबतो. प्राथमिक मास्तराचा पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो, असं ते सांगतात. शिकून तयार झालेल्या मास्तराला किमान बारा द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, आणि शिवाय गावाच्या व्यवहारात त्याला जागा द्या, म्हणजे पोस्टाचं काम, दस्तनोंदणी, स्टँपविक्री. ही सूचना सरकारनं कितपत मनावर घेतली ते सोडा, पण पुढे खेड्यापाड्यांत मास्तरच पोस्टमास्तर झालेले मी शेकड्यानं पाहिलेत. एका पेटीत मला हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर मनीऑर्डरींचा हिशेब सापडला. मुंबईहून गिरणीकामगारानं घरी धाडलेले पाच-पाच रुपये. त्या पानांवरून गावातली किती माणसं मुंबईला होती ते कळतं, आणि पान उलटलं की त्यांचीच मुलं पटावर सापडतात. वरिष्ठांच्या दृष्टीनं हा रजिस्टरचा गैरवापर. मला विचाराल तर त्या मास्तरांचं देवळाबाहेर स्मारक बांधावं.

जिल्ह्याच्या सीमेबद्दल एक सावधगिरी. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे तासगाव-वाळव्याचे जुने आकडे साताऱ्याच्या बेरजेत बसलेले असतात. फलटण तर १९४८ पर्यंत संस्थान, त्याचं दप्तर वेगळं. औंध संस्थान म्हणजे तुकड्या-तुकड्यांचं ठिगळ, आटपाडी इकडं नि औंध तिकडं. १८८५ चं सातारा गॅझेटियर हातात घेऊन आजच्या तालुक्यांशी ताडायला गेलात तर शाळा वाढल्या की घटल्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी त्या बेरजांच्या नादी लागणं सोडून दिलं आणि गाव हेच एकक धरलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या व्हॉलंटरी शाळांचं प्रकरण या सगळ्यात मोठं. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी निघाली. पुढे १९३८ च्या सुमाराला, जिथं बोर्डाची, म्हणजे जिल्हा स्कूल बोर्डाची, शाळा पोचलीच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर संस्थेनं व्हॉलंटरी शाळा काढायचा सपाटा लावला. सांगितला जातो तो आकडा ५७८ शाळांचा. जागा गावानं द्यायची, मास्तराच्या पोटापाण्याचं गावानं बघायचं. स्वातंत्र्यानंतर या शाळा बोर्डाकडे गेल्या, आणि इथं संशोधकाचा पाय घसरतो. बोर्डानं ताबा घेतला त्या दिवशी नवं रजिस्टर उघडलं, नोंद नंबर एकपासून. आज शाळेच्या भिंतीवर जे स्थापनेचं साल आहे ते बहुतेकदा ताब्याचं असतं. त्याआधीची दहा वर्षं कुठल्या तरी माळ्यावर, कापडात गुंडाळलेली. एका वाडीत मी त्या रजिस्टरची चौकशी केली तेव्हा एका आजींनी सांगितलं, 'ते व्हय, त्याच्यावर आमी दिवा ठेवायचो.' खरंच कोनाड्यात होतं. पुठ्ठ्यावर तेलाचं काळं वर्तुळ, आत अक्षर न अक्षर शाबूत.

बरं, रजिस्टर मिळालं म्हणजे इतिहास मिळाला का? नाही. ते वाचावं लागतं, आणि त्यातलं काय खरं मानायचं नाही हे आधी शिकावं लागतं. जन्मतारखेचा रकाना घ्या. बाप पोराला घेऊन यायचा. जन्म कधीचा? 'थोरल्या पावसाच्या साली.' मग मास्तर काय करणार? पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. धरला गेला तर सहा पुरी, नाही धरला तर पुढच्या साली ये. सहा वर्षं मागं मोजायची आणि तारीख टाकायची १ जून. म्हणून अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला, आणि एक तारखेला जन्मलेला आदल्या दिवशी निवृत्त होतो म्हणून आम्हा सगळ्यांचा निरोप समारंभ ३१ मेला. माझी आई सांगायची की मी नवरात्रातला. त्यामुळे रजिस्टरावरून 'मुलं सरासरी कितव्या वर्षी शाळेत येत' असा तक्ता कुणी काढला, तर तो मुलांच्या वयाचा म्हणू नका. त्यांच्या हाताच्या लांबीचा आहे तो.

जातीच्या रकान्याबद्दल बोललं पाहिजे. २०२३ च्या आधी मी शाळेत गेलो की मुख्याध्यापक सांगत, 'त्या कोपऱ्यात रद्दी पडलीय, बघा काय ते.' एका शाळेत तर मी पोचायच्या आठ दिवस आधी दोन पोती रजिस्टरं खरंच रद्दीत गेली होती, किलोच्या भावानं. मग मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेली शिंदे समिती आली, १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि तीच रजिस्टरं दोन कुलपांच्या आत गेली. मोडी वाचणाऱ्याला भाव आला. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे वाचणारा घाई करणारा असला की अनर्थ होतो. आरक्षणाच्या वादात मी आज शिरत नाही. एवढंच सांगतो, की त्या शोधामुळे कागद वाचले, आणि त्याच शोधामुळे माणसं एका रकान्यापलीकडचं बघेनाशी झाली. पानाचा फोटो काढतात तोही तेवढ्या रकान्याचा. शेजारी 'शाळा सोडल्याचे कारण' आहे, तिकडं कोण बघतो?

एका ओळीची किंमत काय असते, याचं आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी रजिस्टरला १९१४ क्रमांकावर नाव लागलं, भिवा रामजी आंबेडकर. ती ओळ जपली गेली म्हणून आपण आज त्या दिवशी विद्यार्थी दिवस पाळतो. पण तीच ओळ हेही शिकवते की रजिस्टर काय सांगत नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत, की त्यांना वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि वेगळं बसावं लागे. रजिस्टरात गोणपाटाला रकाना नाही. खेड्यातल्या शाळांतही तेच. पटावर महार, मांग, चांभार समाजातल्या मुलांची नावं सापडतात, इतरांच्या नावाखाली नाव, सगळं एका शाईत, आणि वाचणाऱ्याला वाटतं, वा, सगळे एकत्र शिकत होते. त्यांना बसवायचे ती ओसरी कुठं होती, पावसात ओसरीवर काय व्हायचं, हे त्या ओसरीवर बसलेल्या माणसालाच विचारावं लागतं. मी विचारलं. एका बाबांनी मला खोलीचा आराखडा मातीत काठीनं काढून दाखवला. फळा कुठं, मास्तरांची खुर्ची कुठं, दार कुठं. मग दाराच्या बाहेर एक खूण केली. 'हितनं फळ्याची अर्धी बाजू दिसायची. गणितं कायम उजव्या अंगाला लिवायचे मास्तर, म्हणून माझं गणित चांगलं झालं.' एवढं म्हणून त्यांनी पायानं आराखडा पुसला.

चार इयत्ता एका मास्तरानं कशा सांभाळल्या, हे नवे शिक्षक विचारतात. सोपं होतं आणि कठीणही. पहिलीला अंगणात वाळूत अक्षरं गिरवायला बसवायचं, चौथीतला चुणचुणीत पोरगा दुसरीकडून पाढे म्हणवून घ्यायचा, तिसरीला कित्ता, आणि मास्तर चौथीचं गणित. मोठ्यानं धाकट्याला शिकवायची ही रीत पंतोजीच्या शाळेतली. मद्रासेत अँड्र्यू बेलनं ती पाहिली आणि विलायतेत 'मद्रास पद्धत' म्हणून नेली. आपण मात्र डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले की पोराला जागेवर बसवायचो, शेरा बसू नये म्हणून.

शेवटी पाटणचं सांगतो, कारण तिथं पेटीच नव्हती. कोयनेच्या शिवसागरात गावं गेली, माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी विखुरली. जी गावं काठावर राहिली त्यांच्या शाळा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात बसल्या. अशा एका बुडालेल्या गावाच्या शाळेचा एकही कागद मला कुठल्याच कचेरीत मिळाला नाही. वर्षभर हात टेकले होते. मग मुंबईत, त्या गावच्या मंडळाच्या खोलीत एका माथाडी कामगारानं ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला काढून दाखवला. घडीवर फाटलेला. मी सवयीनं पहिल्यांदा वरचा कोपरा बघितला, आणि तिथं होता जनरल रजिस्टर नंबर. प्रत्येक दाखल्यावर तो असतोच. म्हणजे रजिस्टर बुडालं तरी त्याच्या ओळी माणसांच्या ट्रंकांतून शिल्लक होत्या.

तीन वर्षांत एक्केचाळीस दाखले जमले. पनवेलकडं, सोलापूरकडं, मुंबईच्या चाळींतून. मी एक वही आखली, रकाने जुन्या रजिस्टरचेच, आणि नंबराप्रमाणे ओळी भरत गेलो. मधे मधे गाळलेले नंबर राहिले. ती वही घेऊन पुनर्वसन झालेल्या गावी गेलो तेव्हा एका बाईंनी ती मांडीवर घेतली. त्यांचा स्वतःचा नंबर अठरा. धाकट्या भावाच्या नोकरीच्या कामाला दाखले काढले तेव्हा वडिलांनी त्यांचाही काढून घेतला होता. त्यांनी वरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

'हा सतरा आमच्या आक्काचा. एकाच दिवशी घातलं होतं आमाला.'

मी विचारलं, त्यांचा दाखला कुणाकडं असेल?

'तिचा काढलाच नाही. कशाला लागणार हुता?'

वहीत मी बाकीच्या ओळी शाईनं भरल्यात. सतराची पेन्सिलीनं लिहिलीय. नाव आहे, जन्मतारीख १ जून घातलीय, आणि शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना कोरा आहे.