बेकारीचा आकडा आणि मामीची म्हैस

नमस्कार मंडळी. पेपरात बेकारीचा टक्का छापून येतो आणि आपण म्हणतो, हॅ, आमच्या गल्लीतच इतकी पोरं बसून आहेत! आज त्याच टक्क्याबद्दल.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीची गोष्ट. मी दिंडोरीकडे मामांच्या मळ्यात होतो, आणि दारात बेकारी मोजणारे सरकारी सर्व्हेवाले. मामीला विचारलं, तुम्ही काय करता? मामी म्हणाली, "मी कुठं काय करते, घरीच असते." हे ऐकलं ना की माझं डोकंच फिरतं, पहाटे चारला उठलेली बाई म्हणे घरीच असते, आणि आपण पुरुष नाक्यावर तासभर मिसळ खाऊन येतो ते मात्र 'कामानिमित्त'. असो. सर्व्हेवाला हुशार, म्हणाला, गोठ्यातल्या म्हशीची धार कोण काढतं? "मीच की!" झालं, मामी रोजगारात. स्वयंपाक, धुणीभांडी मात्र धरत नाहीत बरं का, म्हैस धरतात.

मग मामांच्या घरातलाच बंटी, डिप्लोमा झालेला. मामांनी परस्पर सांगून टाकलं, हा बेकार. सर्व्हेवाला म्हणाला, थांबा, गेल्या सात दिवसांत काय केलं? तर मंगळवारी बाया कमी आल्या म्हणून हा दोन तास द्राक्षाच्या काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावत होता, हात पिवळे, तोंड वाकडं. लिहिलं, काम केलं! घरच्या शेतात बिनपगारी, तरी रोजगारातच. आठवड्यात कुठल्याही एका दिवशी एक तास पुरतो. परत सांगतो, एक तास.

बीएड झालेली तायडी म्हणाली, पोरगं लहान आहे, सध्या नकोच नोकरी. ती ना रोजगारात, ना बेकारीत, हिशोबाच्याच बाहेर. कारण बेकार म्हणजे काम नाही आणि काम हवंय असा माणूस, आणि टक्का काढतात तो काम करणारे आणि काम हवं असणारे या दोघांच्या बेरजेवरच.

आता सर्व्हेवाले सात दिवसांचं विचारतात तसं वर्षभराचंही विचारतात, म्हणून देशातल्या बेकारीचे 2023-24 चे दोन आकडे आहेत, 15 वर्षं आणि त्यावरच्यांचे. वर्षभराच्या हिशोबाने 3.2 टक्के, आठवड्याच्या हिशोबाने 4.9. दोन्ही सरकारीच, प्रश्न वेगळा. 2025 पासून दर महिन्याला येतो तो आठवड्याचा. मजुरीचं पण तसंच, सरासरी ऐकली की विचारा, रोजंदारीवाल्याची का पगारवाल्याची?

हां, बंटीचं राहिलंच. सर्व्हेवाला फाटकाबाहेर पडला तसे मामा म्हणाले, "लागली की रे तुला नोकरी, पेढे आण." बंटी म्हणाला, "आणतो, पैसे द्या."