वादळात पडलेली झाडे आणि साखळी करवत

श्रोतेहो, नमस्कार.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्यातल्या आणि लगतच्या दापोली-मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या बागायतदारांवर तशीच वेळ आली. मुख्य रस्ते मोकळे करायला पथके येतात; पण कौलांवर रेललेला फणस, विहिरीवर पडलेला आंबा आणि पाखाडी अडवून बसलेला माड कापण्याचे काम घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवरच येते. त्यासाठी पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजे चेन सॉ, कुणी विकत घेतो, कुणी भाड्याने आणतो. आजचे बोलणे या करवतीविषयी आणि विशेषतः वादळात पडलेल्या झाडाविषयी आहे, कारण उभे झाड पाडण्यापेक्षा पडलेले झाड कापणे सोपे, हा समज मला फार धोकादायक वाटतो.

कापण्याआधी एक विचार करावा. पडलेले प्रत्येक झाड मेलेले नसते. लहान वयाच्या कलमाची बरीचशी मुळे अजून मातीत असतील, तर फांद्या कमी करून, कलम सावकाश उभे करून, मातीची भर आणि टेकू देऊन ते वाचवता येते. आंबा आणि फणस ही झाडे महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तर शहरी भागात १९७५ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. म्हणून झाड तोडण्याआधी पंचनामा, छायाचित्रे आणि वनविभागाकडे किंवा नगरपालिकेकडे चौकशी एवढे अवश्य करावे. नुकसानभरपाईसाठीही तेच कागद लागतात.

आता यंत्राकडे येऊ. वाडीतल्या कामासाठी साधारण ४५ ते ५५ सीसीचे इंजिन आणि १६ ते १८ इंची पाते, म्हणजे ज्याभोवती साखळी फिरते तो भाग, पुरेसे असते. मोठे इंजिन म्हणजे जास्त काम, असा हिशेब करून ७० सीसीचे जड यंत्र घेणारा माणूस दुपारपर्यंत थकतो, आणि थकलेल्या हातातली करवत हीच सर्वांत वाईट करवत. नुसत्या फांद्या छाटायच्या असतील तर ३५ सीसीच्या आसपासचे हलके यंत्र बरे. बॅटरीवरची यंत्रे आता चांगली मिळतात, आवाजही कमी करतात, पण वादळानंतर आठवडाआठवडा वीज नसते, तेव्हा ती चार्ज कशी करणार याचा विचार घेतानाच केलेला बरा. किमतीपेक्षा मी चार गोष्टी आधी पाहीन: पुढच्या मुठीसमोरच्या पट्टीने लागणारा आणि झटका बसताच आपोआपही लागणारा साखळीचा ब्रेक, तुटलेली साखळी अडवणारा आकडा, मुठीवरचा खटका दाबल्याशिवाय इंजिनाचा वेग वाढू न देणारे कुलूप आणि कंपने शोषून घेणारी मुठीची रचना. यातला ब्रेक नीट लागत नसेल तर ते यंत्र भाड्यानेही घेऊ नये, मग दुकानदार कितीही घाई करो.

इंधनाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक नव्या यंत्रांना ५० भाग पेट्रोलला एक भाग टू-स्ट्रोक तेल, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, लागते. काहींना २५ ला एक, म्हणजे ४० मिलिलिटर. साखळीला वंगण देणारी टाकी वेगळी असते आणि तिच्यात मोटारसायकलचे काढलेले काळे तेल ओतण्याची सवय यंत्रासाठीही वाईट आणि आपल्या विहिरीच्या पाण्यासाठीही वाईट. साखळी बोथट झाली की भुशाऐवजी पीठ पडू लागते, करवत स्वतःहून आत ओढली जात नाही आणि माणूस अंगाचा जोर लावू लागतो. अपघाताची सुरुवात तिथे होते. किनाऱ्यालगतच्या झाडांच्या सालीत वाळू बसलेली असते, बुंध्याला चिखल असतो, जुन्या आंब्याच्या खोडात कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असतो, आणि माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग अतिशय कठीण असतो. त्यामुळे गोल कानस खिशात ठेवून पेट्रोलच्या दर टाकीमागे प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन फटके देणे, आणि कापण्याआधी साल खरवडून वाळू झाडणे, हा वेळ वाया गेला असे कुणी समजू नये.

करवत जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजवा पाय रोवून आणि डाव्या हाताने पुढची मूठ दाबून सुरू करावी. हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढणे आपल्याकडे सर्रास चालते आणि ते बंद व्हायला हवे. कापताना दोन्ही हात, दोन्ही अंगठे मुठींभोवती वळलेले, आणि डोके पात्याच्या रेषेतून बाजूला असावे. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की करवत क्षणार्धात उसळून चेहऱ्याकडे येते. दाट फांद्यांत हे टोक दिसतच नाही, म्हणून आधी कोयत्याने मोकळे करून घ्यावे. खांद्याच्या वर करवत नेऊ नये आणि शिडीवर चढून ती चालवू नये. माडावर चढणारा पाडेली कितीही निष्णात असला, तरी त्याच्या हातात वर करवत देणे हे मला कदापि मान्य नाही.

आता या बोलण्याचा मुख्य भाग. उभ्या झाडाचे वजन मुळांवर असते, पण पडलेल्या झाडाचे वजन कुठे टेकले आहे आणि ते कुठे वाकले आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. वाकलेले खोड ताणलेल्या धनुष्याप्रमाणे असते. त्याची एक बाजू दबलेली असते आणि दुसरी ताणलेली. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल तर वरची बाजू दबलेली व खालची ताणलेली असते. अशा वेळी आधी वरून जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापावे आणि मग खालून वर काप आणावा. एकच टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल तर हे उलटे होते: आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. ताणलेल्या बाजूने सुरुवात केली तर खोड फाटते किंवा उसळते, आणि दबलेल्या बाजूने खोलवर गेलो तर पाते अडकते. पात्याच्या वरच्या धारेने खालून कापताना यंत्र आपल्या अंगाकडे ढकलले जाते, हे आधी माहीत असले म्हणजे पाय घट्ट रोवता येतात. बाजूला वाकलेल्या फांदीच्या बाबतीत वाकणाच्या आतल्या अंगाला उभे राहावे, कारण फांदी सुटते ती बाहेरच्या अंगाला.

मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा हा वेगळाच विषय आहे. बुंध्याजवळ खोड कापले की शेंड्याचे वजन जाते आणि मातीचा तो उभा गड्डा एकाएकी मागे, स्वतःच्या खड्ड्यात, बसतो. पावसाचे पाणी साचलेल्या त्या खड्ड्यात मुले खेळायला उतरतात, कुत्री बसतात. कधी गड्डा मागे न जाता पुढेही कोसळतो. म्हणून खड्ड्यात आणि गड्ड्यामागे कुणी नाही याची खात्री केल्याशिवाय, गड्ड्याला दोराने किंवा साखळीने आवळल्याशिवाय हा काप घेऊ नये, आणि बुंध्याला निदान दीड-दोन मीटर खोड शिल्लक ठेवावे. एका झाडावर दुसरे रेललेले असेल, तर रेललेल्या झाडाखाली जाऊ नये आणि ज्याने त्याला तोलून धरले आहे ते झाड तर मुळीच कापू नये. ते ट्रॅक्टरने किंवा कप्पीने लांबून ओढण्याचे काम आहे.

अर्धवट कललेले झाड पाडायचेच असेल तर त्याची रीत अशी: पडायच्या बाजूला जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी तिरपी खाच घ्यायची, मागून आडवा काप आणायचा, पण दोन्हींच्या मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतके लाकूड बिजागरीसारखे शिल्लक ठेवायचे, आणि मागच्या कापात पाचर ठोकायची. ही बिजागरी पूर्ण कापली की झाड कुठे जाईल ते कुणाच्याही हातात राहत नाही. झाड हलू लागले की मागे तिरक्या दिशेने निघून जाण्याची वाट आधीच साफ केलेली असावी, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कुणी उभे नसावे. फार कललेल्या झाडाला मात्र सरळ मागून काप देऊ नका. खोड उभे फाटून वर उसळते आणि कापणाऱ्याच्या तोंडावर येते. असे झाड जाणत्या तोडकाऱ्याकडेच द्यावे.

विजेच्या तारेला टेकलेल्या झाडाला महावितरणच्या माणसाने प्रवाह बंद करून तार जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावू नये. गावात वीज नाही म्हणून तार मेलेली आहे असे धरू नका. शेजारच्या घरातला जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल तर त्याची वीज उलट्या दिशेने तारेत येते.

कपड्यांचे सांगायचे तर शिरस्त्राण, जाळीचा पडदा, कानांवर आवाजरोधक, हातमोजे, पुढून कठीण असलेले बूट आणि धागे भरलेली खास विजार एवढे हवे. साखळी विजारीला लागली की ते धागे साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि साखळी थांबते. उकाड्यात हे सारे घालणे कठीण आहे हे मला मान्य आहे, म्हणून काम सकाळी करावे, दुपारी थांबावे, पण चप्पल आणि लुंगीवर करवत धरू नये.

एकट्याने कधीही काम करू नये. सोबत्याने हाकेच्या अंतरावर, पण झाडाच्या आवाक्याबाहेर थांबावे, आणि त्याच्याजवळ चार्ज केलेला फोन व स्वच्छ जाड कापड असावे. जखम झाली तर कापड जखमेवर दाबून धरावे, दाब सोडून वारंवार पाहू नये, आणि १०८ क्रमांकावर फोन करून गाव, वाडी आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे सांगावे. पडलेल्या झाडांनी वाट बंद असेल तर कुठपर्यंत वाट मोकळी आहे हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहून ठेवावे.