चुकीच्या उत्तरांची तयारी

नमस्कार श्रोतेहो.

ऑनलाइन कोर्स म्हटलं की कॅमेऱ्यासमोर बोलणारे शिक्षक डोळ्यांपुढे येतात. पण त्यांनी कुठे थांबायचं, आणि ते थांबल्यावर शिकणाऱ्याने काय करायचं, हे बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी आधी बसून ठरवलेलं असतं. त्या माणसाला इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात. मी हेच काम करते.

हे काम इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला असंख्य नवख्या माणसांना झटपट तयार करायचं होतं. रॉबर्ट गान्ये यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ तेव्हा तिथे काम करत होते. शिकताना माणसाच्या मनात काय घडतं आणि त्याला धरून धडा कसा बांधायचा, हा गान्ये यांच्या पुढच्या संशोधनाचा गाभा ठरला. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी विश्लेषणापासून मूल्यमापनापर्यंत जाणारी पाच टप्प्यांची पद्धत आखली गेली. तिचंच आजचं रूप ‘अ‍ॅडी’ या नावाने आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

टप्पे पाठ करता येतात. अवघड असतं ते विषयतज्ज्ञासमोर बसणं. तज्ज्ञाला विषय इतका अंगवळणी पडलेला असतो की मधल्या पायऱ्या त्याला दिसेनाशा होतात. “मग हे समीकरण सोपं करून घ्यायचं,” असं तो एका दमात म्हणून जातो, आणि त्या एका वाक्यात चार कृती दडलेल्या असतात. त्याला तिथेच थांबवून “म्हणजे नेमकं काय करायचं?” असं पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. विचारताना संकोच वाटता कामा नये. आपण गप्प राहिलो, तर पुढे कोर्स घेणारा प्रत्येक जण त्याच जागी अडेल, आणि त्याच्याजवळ विचारायला कोणीच नसेल.

वर्गातल्या शिक्षकाला समोरचे चेहरे दिसतात. ऑनलाइन कोर्समध्ये ते दिसत नाहीत. म्हणून शिकणारा कुठे चुकेल, हे आधीच ओळखावं लागतं. माझ्या मते या कामातली खरी कसोटी इथेच लागते, आणि ती प्रश्नांच्या चुकीच्या पर्यायांत दिसते.

एक साधा प्रश्न घेऊ. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? बरोबर उत्तर पाच षष्ठांश. आता चुकीचे पर्याय कोणते द्यायचे? मनाला येतील ते आकडे टाकले, तर चुकलेल्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. पण ‘दोन पंचमांश’ हा पर्याय ठेवला, तर तो निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, हे लगेच समजतं. ‘दोन षष्ठांश’ निवडणाऱ्याने छेद समान केला, पण अंश बदलायचा राहून गेला. दोघेही चुकले, पण दोघांची अडचण वेगळी आहे. दोघांना “उत्तर चूक आहे, पुन्हा प्रयत्न करा” एवढंच सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पहिल्याला सांगायचं, “तुमचं उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं. अर्ध्यात भर घातल्यावर असं होईल का?” दुसऱ्याला अंशाकडे पुन्हा पाहायला लावायचं. असे चार प्रश्न लिहायला कधी कधी अख्खा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा.

प्रश्न केवळ गुण देण्यासाठी असतात, हा समज मला मनापासून खटकतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. आठवण्याची धडपड हेच शिकणं आहे. ते शेवटच्या परीक्षेवर ढकललं, की कोर्स पोकळ होतो.

व्हिडिओ किती लांब असावा, हे मला नेहमी विचारलं जातं. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी त्यात तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही मोठा असो, प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नव्हते. त्यावरून अनेकांनी सहा मिनिटांचा नियमच करून टाकला. मला तो पटत नाही. जिथे शिकणाऱ्याने स्वतः काहीतरी करून बघायची वेळ येते, तिथे व्हिडिओ थांबवावा. मग तो तीन मिनिटांचा होईल किंवा नऊ.

तुमच्यापैकी कोणाला या कामात यायचं असेल, तर महागडं सॉफ्टवेअर नंतर शिका. तुम्हाला उत्तम येणारी एखादी छोटी गोष्ट निवडा. ती न येणाऱ्या माणसासाठी दहा मिनिटांचा धडा कागदावर लिहा. त्याला तो करायला द्या आणि शेजारी बसा. तो अडला तरी तोंड उघडू नका. कुठे अडला, तिथे त्याने काय केलं, एवढं टिपून घ्या. मग धड्याचा तेवढाच भाग बदला आणि तो दुसऱ्या कोणाला तरी द्या.

धन्यवाद.